खटला कोर्टात, खेळाडू मैदानात

(बी. ए. भाग ३)

गेल्या श्रावणातील एका रविवारी सायंकाळी आमच्या फुटबॉल क्लबची बैठक भरली. 'क्लब' हा शब्द वाचून वाचकमित्रांनी फार मोठे काही डोळ्यांसमोर आणू नये. अठ्ठावीस सभासद, दोन जाळ्या, चार चेंडू (पैकी एकाची हवा टिकत नाही) आणि अमरावतीतील एका हार्डवेअरच्या दुकानामागची खोली, एवढाच आमचा संसार. मी त्यात राखीव गोलरक्षक आहे. म्हणजे मैदानावर क्वचित, पण बैठकीला हमखास हजर.

त्या दिवशी विषय एकच होता. अकोल्याचा एक खेळाडू शिक्षणासाठी अमरावतीस आला होता आणि आमच्याकडून खेळायला तयार होता. डाव्या बगलेवरून तो चेंडू घेऊन निघाला की समोरचा बचाव कसा उघडा पडतो, हे आमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले होते. अडचण होती ती दुसरीच. आदल्या वर्षी अकोल्यात एका सामन्यानंतर मारामारी झाली, दगड फेकले गेले, आणि एका मुलाचा उजवा डोळा गेला. तो दगड या खेळाडूच्या हातचा, असे पोलिसांचे म्हणणे. दोषारोपपत्र कोर्टात गेलेले, स्वारी जामिनावर, खटला उभा राहायचा आहे.

चर्चा म्हणावी अशी झालीच नाही. कर्णधार म्हणाला, "अबे, केस कोनावर नाही हाय? आपल्या इकडं धुऱ्याच्या भांडनातही केस होते." दुसरा म्हणाला, "कोर्ट काय करायचं ते करन. आपून मैदानाचं पाहू." तिसऱ्याने मागच्या हंगामात डावीकडून आपला एकही गोल झाला नाही, याची आठवण करून दिली. दोघे खेळाडू मात्र खिडकीतून पडणारा पाऊस पाहत बसले होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. हात वर करा म्हटल्यावर नऊ हात वर गेले. त्यांतला एक माझा होता.

हे प्रांजळपणे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते माझ्या त्या हाताच्या विरुद्ध आहे.

प्रथम कर्णधाराची बाजू. ती वाटते तितकी पोकळ नाही. आपल्या वऱ्हाडात पोलीस ठाण्यात नाव जाणे किती सोपे आहे, हे खेड्यातून आलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे. भावकीचे वैर, ग्रामपंचायतीची निवडणूक, पोळ्याच्या दिवशी बैलजोडी पुढे कोणाची, यांवरूनही घरातील सगळ्या पुरुषांची नावे कागदावर चढतात. त्यांत पुण्यात नोकरीला असलेला थोरलाही असतो. गुन्हा दाखल होणे म्हणजे कोणीतरी तक्रार केली एवढेच. दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांना त्यात तथ्य वाटले. न्यायाधीशांनी आरोप निश्चित करणे ही त्यापुढची पायरी, आणि शिक्षा तर फार लांब. या पायऱ्यांतला फरक वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत राहत नाही, चहाच्या टपरीवर तर नाहीच. 'केस असलेला' म्हणजे 'केलेला', असे समजून चालणारा समाज कोणाचेही आयुष्य सहज मोडू शकतो.

इंग्लंडातील चेड इव्हान्सचे उदाहरण या बाजूच्या लोकांनी जरूर द्यावे. शेफील्ड युनायटेडच्या या फुटबॉलपटूला २०१२ साली बलात्काराच्या गुन्ह्यात पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये तो सुटला, तेव्हा जुन्या क्लबने त्याला सरावाला येऊ दिले. त्यावरून एवढे काहूर माजले की, त्याला पुन्हा करारबद्ध केले तर मैदानातील प्रेक्षागाराला दिलेले माझे नाव काढून टाका, असे त्याच शहराच्या ऑलिंपिक विजेत्या जेसिका एनिस यांनी कळवले. क्लबने माघार घेतली. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षाच रद्द केली, आणि ऑक्टोबरमध्ये फेरखटल्यात ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. २०१७ मध्ये शेफील्ड युनायटेडने त्याला परत घेतले. ज्यांनी २०१४ साली त्याच्याविरुद्ध आवाज उठवला ते मूर्ख होते काय? मला तसे वाटत नाही. त्या दिवशी न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूला होता. पण माणसाच्या पंचविशीतली वर्षे गेली ती गेली, हे नाकारता येत नाही. फुटबॉलपटूचे पाय काही वकिलाच्या बुद्धीसारखे साठीपर्यंत चालत नाहीत.

इतके मान्य करूनही मला माझा हात खाली घ्यावासा वाटतो, तो का?

त्यासाठी आपल्याच देशातील एक जुनी गोष्ट आठवावी लागेल. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात रस्त्यावरच्या वादावादीत ६५ वर्षांच्या एका गृहस्थांना मारहाण झाली आणि ते दगावले. त्यात नाव आले ते भारताच्या संघातील फलंदाज नवज्योतसिंग सिद्धू यांचे. प्रकरण कोर्टात गेले आणि रेंगाळले. सिद्धू मात्र भारताकडून खेळतच राहिले. ९ मार्च १९९६ रोजी बंगळुरात पाकिस्तानविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात त्यांनी ९३ धावा काढल्या, तेव्हा माझे वडील परतवाड्यात शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचासमोर उभे राहून टाळ्या पिटत होते. परवा मी त्यांना विचारले, "बाबा, तेव्हा त्यांच्यावर असा काही खटला आहे हे ठाऊक होते का?" ते म्हणाले, "कोनं सांगतलं ना बाप्पा!" १९९९ साली खालच्या कोर्टाने सिद्धूंना सोडले, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून एक हजार रुपये दंडावर भागवले, आणि २०२२ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने फेरविचार करून एक वर्षाची सक्तमजुरी दिली. घटनेला तेहतीस वर्षे उलटून गेली होती. 'कोर्ट ठरवील तोवर आपण खेळाचे पाहू' हे वाक्य आपल्या देशात उच्चारताना 'तोवर' म्हणजे किती, याचा हिशेब आधी मांडलेला बरा. खेळाडूची कारकीर्द संपली, समालोचन झाले, राजकारण झाले, आणि मग निकाल. एवढ्या काळात दगावलेल्या माणसाच्या घरच्यांनी किती शतके दूरदर्शनवर पाहिली असतील कोण जाणे.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. २०१३ च्या मे महिन्यात आय.पी.एल.मधील गैरप्रकारांवरून दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना पकडले. त्यांत मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण होता. त्याचे लग्न ठरलेले होते. लग्नापुरता जामीन घेऊन तो बोहल्यावर चढला. क्रिकेट मंडळाने त्याच्यावर आणि श्रीशांतवर आजन्म बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने सर्व आरोपींना आरोपमुक्त केले, तरी मंडळाने बंदी उठवली नाही. मंडळाचे म्हणणे असे की, फौजदारी गुन्हा सिद्ध होणे वेगळे आणि आमच्या शिस्तीचा भंग होणे वेगळे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतच्या दाव्यात मंडळाचा हा अधिकार मानला, पण शिक्षा आजन्म असावी का याचा पुन्हा विचार करा असे सांगितले; ती सात वर्षांवर आली. अंकित चव्हाणचीही पुढे २०२१ मध्ये तशीच कमी झाली. तोवर त्याची उमेदीची वर्षे निघून गेली होती.

म्हणजे पाहा. पैशांसाठी षटक विकल्याचा आरोप असला तर खेळाच्या संस्था कोर्टाची वाट पाहत नाहीत, आणि कोर्टाने सोडले तरी सोडत नाहीत. माणूस मेल्याचा आरोप असला तर मात्र 'ते कोर्टाचे काम' असे म्हणून बाजूला होतात. खेळाची अब्रू गेली तर आमचा प्रश्न, माणसाचा जीव गेला तर सरकारचा, असा हा न्याय आहे. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व आम्हाला खरोखरच प्रिय असते, तर ते दोन्हीकडे सारखे दिसले असते.

येथे आमच्या वसतिगृहातील मित्रांची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पहाटे पाचला उठून धावणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी ही मुले एकाच गोष्टीला भितात, ती म्हणजे चारित्र्य पडताळणी. गावातील भांडणात नाव गेलेले असले तर सोळाशे मीटर कितीही लवकर धावा, उपयोग होईल याची खात्री नाही. २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर मोठा विचारपूर्वक निर्णय दिला आहे. उमेदवाराने खटला खरेपणाने कळवला असेल तर गुन्ह्याचे स्वरूप पाहून मालकाने ठरवावे. कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक बाब असेल तर ती सोडूनही देता येते. पण खटला प्रलंबित असताना नेमलेच पाहिजे, असा हक्क कोणाला नाही. शिपायाच्या नोकरीला जो नियम लागतो तो संघाच्या जर्सीला का लागू नये? आमच्या वसतिगृहातला मुलगा डाव्या पायाने गोल मारत नाही, एवढाच त्याचा अपराध दिसतो.

अर्थात कोणी म्हणेल, नोकरी ही भाकरी आहे आणि खेळही भाकरीच. खरे आहे, म्हणून येथे एक भेद करायला हवा. जो खेळाडू आधीपासून आपल्याकडे आहे आणि ज्याच्यावर मागाहून आरोप आला, त्याचा पगार बंद करून त्याला वाऱ्यावर सोडणे अन्यायाचे आहे. मँचेस्टर सिटीने बेंजामिन मेंडीवर २०२१ मध्ये आरोप ठेवले जाताच त्याला निलंबित केले, त्याचे वेतनही थांबवले. २०२३ मध्ये तो सर्व आरोपांतून निर्दोष सुटला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील कामगार न्यायाधिकरणाने थकलेल्या वेतनाचा बराचसा भाग त्याला देय ठरवला. ते योग्यच झाले असे मी म्हणेन. मैदानापासून दूर ठेवा, पण पोटाला द्या.

नव्याने घेणे ही वेगळी गोष्ट. घानाचा फुटबॉलपटू थॉमस पार्टी याचा आर्सेनलशी असलेला करार जून २०२५ च्या अखेरीस संपला. त्यानंतर काही दिवसांतच ब्रिटनमध्ये त्याच्यावर बलात्काराचे आरोप ठेवण्यात आले. ते त्याने नाकारले आहेत. ऑगस्टमध्ये, खटला समोर उभा असताना, स्पेनच्या व्हिलारियल क्लबने त्याला करारबद्ध केले आणि कारण दिले ते निर्दोषत्वाच्या गृहीतकाचे. येथेच मला वाटते की फार मोठी गल्लत होते. त्याला न घेतल्याने व्हिलारियलने त्याला दोषी ठरवले असते असे नाही. जगातील हजारो खेळाडूंना व्हिलारियलने घेतले नाही, ते काही सगळे गुन्हेगार नव्हेत. पण घेतल्याने मात्र क्लबने काहीतरी केले. काय केले?

माझ्या मते साऱ्या प्रश्नाची मेख येथे आहे. आरोपीला निर्दोष मानावे हे तत्त्व जन्मले ते एकट्या माणसाला सरकारच्या प्रचंड ताकदीपासून वाचवण्यासाठी. तराजूत एका बाजूला पोलीस, वकील, तुरुंग. दुसऱ्या बाजूला एकटा माणूस. म्हणून त्याच्या पारड्यात कायद्याने थोडे वजन टाकले. पण नामांकित खेळाडू जेव्हा आरोपी असतो आणि क्लब त्याला जर्सी घालून हजारोंसमोर उभा करतो, तेव्हा क्लबही त्याच पारड्यात आपले वजन टाकत असतो. समोर सरकार आहे असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात समोर उभा असतो तो साक्षीदार, आणि ज्याला लागले तो माणूस. ज्याच्या नावाने गाव टाळ्या वाजवते त्याच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहून बोट दाखवायचे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

ही माझ्या डोक्यातील कल्पना नाही. कुस्तीगीर सुशीलकुमारचा फोटो आपल्याकडील कितीतरी आखाड्यांत मारुतीच्या तसबिरीशेजारी लागला होता. २००८ चे कांस्य आणि २०१२ चे रौप्य, अशी दोन ऑलिंपिक पदके ज्याच्या नावावर, त्याचा फोटो लागणारच. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर एका तरुण मल्लाला झालेल्या मारहाणीत त्याचा मृत्यू झाला आणि सुशीलकुमारला अटक झाली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. असे करताना न्यायालयाने आरोपीची कीर्ती, त्याचे समाजातील वजन आणि साक्षीदारांवर त्याचा पडू शकणारा प्रभाव या गोष्टी विचारात घेतल्या. कीर्ती ही साक्षीदाराच्या मानेवरचे ओझे होऊ शकते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला दिसते. मग ती कीर्ती रोज संध्याकाळी मैदानावर आपल्या हातांनी वाढवणाऱ्या क्लबला ते दिसू नये काय?

तेव्हा माझे मत असे. धुऱ्याचे भांडण, मोर्चातील घोषणा, दोन्ही बाजूंनी झालेली किरकोळ झटापट, असल्या खटल्यांकडे क्लबने कानाडोळा करावा. खेळाडूने ते खरे सांगितले एवढे पुरे. पण एखाद्याचा जीव, शरीर किंवा अब्रू कायमची दुखावल्याचा आरोप असेल, पोलिसांनी तो कोर्टापुढे नेला असेल, तर खटल्याचा निकाल लागेपर्यंत, निदान साक्षी होईपर्यंत, त्याला नव्याने घेऊ नये. सरावाला येऊ द्यावे, चेंडू द्यावा, जर्सी देऊ नये. निर्दोष सुटला तर पहिल्या दिवशी घ्यावे आणि मनात किंतु ठेवू नये. शिक्षा भोगून आला तर तोही वेगळा विचार आहे. आयुष्यभर दार बंद ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. आणि हा नियम लिहून ठेवावा तो संघात कोणी डावखुरा जादूगार येण्याच्या आधी. तो दारात आल्यावर लिहिलेला नियम त्याच्या पायाच्या मापाचा होतो. ज्या शहरात १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, ज्याच्या मुलांनी १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले, त्या शहरातील अठ्ठावीस जणांच्या क्लबला एक पानभर नियम लिहिणे जड जाऊ नये.

यात एखाद्या निरपराध मुलाची दोन-तीन वर्षे जाऊ शकतात. याला माझ्याजवळ उत्तर नाही. इव्हान्सची गेली, तशी याचीही जातील. एवढेच दिसते की, वाट पाहण्याची किंमत कोणीतरी देणारच आहे, आणि आजवर ती नेहमी एकाच बाजूने दिली आहे.

ती बाजू मला कशी दिसली ते सांगून हे लिखाण थांबवतो. डोळा गेलेला तो मुलगा मूर्तिजापूरकडचा. हे मला बैठकीच्या वेळी ठाऊक नव्हते, पण तो आमच्याच इतिहासाच्या वर्गात आहे. तो नेहमी बाकाच्या उजव्या टोकाला बसतो. तेथे बसले की सारा वर्ग त्याच्या डाव्या बाजूला येतो. का, ते कोणी त्याला विचारत नाही. गणपतीच्या सुट्टीनंतर एके दिवशी तास संपल्यावर त्याने मला थांबवले.

"तुमच्या क्लबानं त्याले घेतलं म्हनते."

"हो," मी म्हणालो.

"तू काय म्हनला मंग?"

मी हात वर केल्याचे त्याला सांगितले. तो रागावला नाही. पुस्तक बगलेत धरून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "खेळते मात्र सुंदर. मी त्याचा खेळ पाह्यालेच गेलो होतो त्या दिवशी."

त्यानंतर मी कर्णधाराला गाठून पुन्हा बैठक घेण्याचे सुचवले. हंगाम तोंडावर आला असताना हे नवे खूळ काढू नकोस, असे तो म्हणाला. तरीही मी लेखी पत्र दिले आहे. त्यावर आजपर्यंत पाच सह्या झाल्या आहेत. बैठकीत पाऊस पाहत बसलेल्या दोघांकडे सहीसाठी गेलो, तेव्हा कळले की त्या दिवशी अकोल्याच्या मैदानावर ते दोघेही हजर होते आणि दोषारोपपत्रातील साक्षीदारांच्या यादीत दोघांची नावे आहेत. दोघांनीही सही केली नाही. त्यांतला एक आमच्या मधल्या फळीत खेळतो. डावीकडे जाणारे सगळे पास त्याच्याच पायातून जातात.